चेंबरचा नट आणि आमची लाल शाई

द्वितीय वर्ष कला शाखेला उपयोजित मराठीच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी आम्ही काही वर्षांपूर्वी एक लेखन दिले होते. विषय ठरीव होता : ‘मी अनुभवलेला एक दिवस’. त्यात एका मुलाने वडिलांच्या गॅरेजमधला रविवार लिहिला. त्यातले एक वाक्य आम्हाला आजही जसेच्या तसे आठवते, कारण त्यावर आम्ही सर्वाधिक लाल शाई खर्च केली. ‘चेंबरचा नट खोलला, काळं ऑइल ट्रेमध्ये सोडलं, वायसर नवा टाकला आणि आटे धरेपर्यंत नट बोटानं फिरवला.’ चेंबर, नट, ऑइल, ट्रे, वायसर या पाच शब्दांभोवती आम्ही वर्तुळे काढली. समासात शेरा लिहिला : ‘परभाषिक शब्दांचा अतिवापर. पर्यायी मराठी शब्द योजावेत.’ चेंबरच्या डोक्यावर ‘तेलकुंड’ असा पर्यायही सुचवला. तो कुठल्याही कोशातून घेतलेला नव्हता, त्या क्षणी आम्हीच घडवला होता. ‘आटे’ या शब्दाखाली मात्र प्रश्नचिन्ह काढले. हा कणकेचा आटा इथे कसा आला, असे आम्हाला वाटले होते.

आटे म्हणजे नटबोल्टावरचे पीळ. त्या वाक्यातला हा शब्द अस्सल मराठी कारागिरीतला, आणि मराठीत एम. ए. केलेल्या आम्हा दोघांना नेमका तोच माहीत नव्हता.

मुलाला वीसपैकी नऊ गुण मिळाले. पुढच्या लेखनात त्याने समुद्रकिनाऱ्यावरचा सूर्यास्त लिहिला. क्षितिजावर केशरी रंगाची उधळण होती, पक्षी घरट्याकडे परतत होते. आम्ही चौदा गुण दिले आणि ‘भाषेत चांगली सुधारणा’ असा शेरा मारला. त्यानंतर त्याच्या लेखनात गॅरेज पुन्हा आले नाही.

हे सारे आम्हाला कळले ते वर्गात नव्हे, गोरेगावातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात, गाडीखाली पाठीवर पडून.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात शिकवतो, एकाच इमारतीत राहतो आणि भागीदारीत घेतलेल्या एका जुन्या गाडीने जातो-येतो. तिचे एंजिन ऑइल घरीच बदलायचे आम्ही ठरवले, त्यामागे काही तत्त्वचिंतन नव्हते. ऑइलचा डबा आणि फिल्टर दुकानातून घेतला तर वाचते ती फक्त मजुरी, आणि ती फार नसते. ‘ऑइल फारच काळं झालंय’ असे दरवेळी कुणीतरी डिपस्टिक पुसून दाखवायचे आणि आम्ही मान डोलवायचो. या मान डोलावण्याचा कंटाळा आला, इतकेच. पुढे कळले की ऑइल काळे होणे हा दोषच नव्हे. त्यात मिसळलेली स्वच्छक द्रव्ये काजळी सुटी करून तेलातच तरंगती ठेवतात, म्हणून ते काळे दिसते. त्याचे वय रंगावरून ठरत नाही, चाललेल्या अंतरावरून आणि काळावरून ठरते. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत हा हिशेब छापलेला असतो. आमच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असे आहे. खाली बारीक टाइपात आणखी एक ओळ आहे : थांबत-थांबत, कमी वेगाने, कमी अंतरासाठी गाडी चालत असेल तर मुदत याहून कमी धरावी. म्हणजे स्वामी विवेकानंद रस्त्यावरून रोज जाणाऱ्याने ही ओळच आधी वाचायला हवी. सिग्नलला उभी असलेली गाडी एक पाऊल पुढे जात नाही, किलोमीटरचा आकडा हलत नाही, पण एंजिन फिरतच असते आणि ऑइल झिजतच असते. पुस्तिका आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. संहितेचे सूक्ष्मवाचन शिकवण्याचा पगार घेणाऱ्या दोघांनी ती उघडली नव्हती. डब्यावरच्या ‘५डब्ल्यू-३०’ मधला डब्ल्यू हा आम्ही वजनाचा समजत होतो. तो हिवाळ्याचा निघाला. थंडीत तेल किती प्रवाही राहील याची ती खूण.

कामाची रीत आम्हाला शिकवली ती जवळच्याच एका गॅरेजवाल्या काकांनी. काका मालवणचे. त्यांनी चाकांखाली घ्यायचे लोखंडी रॅम्प उसने दिले, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचे नाही, ही ताकीद दिली. एंजिन चारपाच मिनिटे चालवून बंद करायचे, म्हणजे तेल पातळ होऊन नीट उतरते. फार तापवले तर हात भाजतो. वरचे झाकण आधी सैल करायचे. मग चेंबरचा नट. त्याला रिंग पाना लावायचा, कारण उघड्या तोंडाचा पाना सटकतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. एकदा ते गोल झाले की दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो. तेल थेंबाथेंबाने पडू लागेपर्यंत थांबायचे. नवा वायसर. नव्या फिल्टरच्या रबरी कडेला बोटाने नवे तेल लावायचे आणि तो हातानेच घट्ट करायचा. पाना घ्यायचा नाही. नट परत बसवताना आमच्यापैकी एकाने उत्साहाने पाना उचलला, तेव्हा काका ओरडले, ‘‘मास्तरांनू, आदी बोटान फिरवा, मगे पानो लावा! आटे ग्येले तर चेंबर बदलूचा लागतला.’’

आटे. गाडीखाली पडल्यापडल्या आम्हाला ते प्रश्नचिन्ह आठवले.

त्या मुलाने एका वाक्यात नेमके हेच लिहिले होते. आटे धरेपर्यंत बोटाने का फिरवायचे, तर नट वाकडा बसला की बोटाला ते लगेच कळते. पाना हातात असला की जोर जास्त लागतो आणि कळेपर्यंत पीळ कापले गेलेले असतात. त्याच्या वाक्यात हे सगळे ज्ञान होते, क्रमाने, एकही शब्द वाया न घालवता. आम्ही ज्याला ‘नेमकी शब्दयोजना’ म्हणून शिकवतो, ती दुसरी कोणती असते?

ही आमच्या दोघांची व्यक्तिगत चूक असती तर तिची जाहीर वाच्यता करण्याचे कारण नव्हते. पण मराठीच्या विभागांत असे लाल वर्तुळ काढणारे आम्ही दोघेच नाही, हे आम्ही जाणतो. नारायण सुर्वे आमच्या अभ्यासक्रमात असतात. गिरणीत राबलेला, शिपाई म्हणून नोकरी केलेला आणि नंतर शिक्षक झालेला हा कवी १९६६ च्या ‘माझे विद्यापीठ’मधून आम्ही मोठ्या उमाळ्याने शिकवतो. अण्णाभाऊ साठे शिकवतो. मुंबईत टॅक्सी चालवलेल्या नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) शिकवतो. संतकाव्याच्या तासाला सावता माळ्याचा मळा, गोरोबांचे मडके, सेना न्हाव्याचा आरसा हे ‘व्यवसायातून आलेले प्रतिमाविश्व’ म्हणून फळ्यावर लिहून देतो. ते परीक्षेत विचारलेही जाते. पण वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा मुलगा आपल्या व्यवसायाचे शब्द घेऊन आला की आमची भाषाशुद्धी जागी होते. सातशे वर्षांपूर्वीचा कारागीर चालतो, कालपरवा वारलेला चालतो. समोर बसलेला चालत नाही.

‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, हे सर्वांना पाठ आहे. ती लिहिण्यापूर्वी त्यांनी काय केले, हे आम्ही मुलांना सांगतो का? तेव्हा नाटककार म्हणून नाव मिळवलेल्या तेंडुलकरांनी कवितेतले आपल्याला न कळलेले शब्द कवीलाच विचारले, त्याच्याबरोबर ती वस्ती हिंडून पाहिली, आणि आपले अज्ञान लपवले नाही. शब्द कळला नाही तर दोष शब्दाचा नसतो, आपण तिथे गेलेलो नसतो. ही समीक्षेतली प्राथमिक सभ्यता आहे, आणि आमच्या लाल शाईत ती नव्हती.

पर्यायी शब्दांना आमचा सरसकट विरोध नाही. सावरकरांनी रुजवलेला ‘महापौर’ टिकला, ‘चित्रपट’ टिकला. ते टिकले कारण बोलणाऱ्यांना त्यांची गरज होती आणि ते तोंडात बसले. ‘तेलकुंड’ गॅरेजमध्ये उच्चारून पाहा; काका आधी होमाची तयारी आहे का विचारतील. उलट मराठी विश्वकोशाकडे पाहा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींइतका संस्कृतज्ञ प्रमुख संपादक, आणि तरी नोंदीचे शीर्षक ‘अंतर्ज्वलन-एंजिन’. ज्वलनाला शब्द होता, तो घेतला. एंजिनाला एंजिनच राहू दिले. ‘वंगण’ तर आपल्याकडे होतेच. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्यांनी तो शब्द जपला, आम्ही नाही.

आम्ही हे सगळे एका सहकारी प्राध्यापकांना सांगितले. ते हसून म्हणाले, ‘‘हे श्रमाचं पर्यटन आहे. मध्यमवर्गाला सुचलेला नवा छंद. खरा मेकॅनिक यात कुठे आहे? त्याची मजुरी तेवढी तुम्ही बुडवलीत.’’ आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला अर्धा भाग आम्हाला मान्यच आहे. वर्षाकाठी दोन तास स्वतःच्या गाडीखाली पडून, मग साबणाने हात धुऊन चहा घेणारा माणूस कामगार होत नाही. ज्याचे पोट त्यावर आहे त्याच्या पाठदुखीशी आमच्या पाठदुखीची तुलना करणे हा निर्लज्जपणा होईल. मजुरीचे म्हणाल तर त्याच काकांकडे आम्ही बाकीची सारी कामे नेतो, आणि आता नेताना काय बिघडले आहे ते त्यांच्या शब्दांत सांगू शकतो. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग आम्ही नाकारतो. हाताने केलेले प्रत्येक काम मध्यमवर्गीयाने केले की नाटक ठरत असेल, तर त्याने करायचे काय? चर्चासत्रात ‘श्रमसंस्कृती’वर निबंध वाचायचा? (आमच्या या सहकाऱ्यांनी तो वाचलेला आहे. तीस पानांचा. त्यात एकाही अवजाराचे नाव नाही.)

सोसायटीच्या सेक्रेटरींचा आक्षेप वेगळा होता. ‘‘सर, तुम्ही प्रोफेसर माणसं. वॉचमन काय म्हणेल?’’ वॉचमन काही म्हणाला नाही, तो टॉर्च धरून उभा होता. आवारात तेल सांडू नये, हे त्यांचे म्हणणे मात्र रास्त होते. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांत ते तसे नोंदले आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. आमच्या गटारात ओतलेले तेल ओशिवरा नदीतून मालाडच्या खाडीत जाणार, हे कळायला पर्यावरणशास्त्राची पदवी लागत नाही. आम्ही सुमारे तीन लिटर काळे तेल नव्याच्या रिकाम्या डब्यात भरून काकांना दिले. त्यांच्याकडच्या पिंपातून ते पुढे गोळा करणाऱ्याकडे जाते. सेक्रेटरींना हे सांगितले. त्यांची अडचण तेलाची नव्हतीच. ती ‘प्रोफेसर’ या शब्दाची होती, आणि तिथे ते आमच्या सहकाऱ्यांच्या फार जवळ उभे होते : एकाला हे काम प्राध्यापकाला न शोभणारे वाटते, दुसऱ्याला प्राध्यापकाने ते करणे खोटे वाटते. दोघांच्याही हिशेबी आम्ही गाडीखालून बाहेर यायचे.

वाङ्मयाचे लोक आणि यंत्राचे लोक यांच्यातली ही भिंत मराठीत पूर्वापार होती, असे कुणी सांगू लागले तर त्याला किर्लोस्करवाडीची आठवण द्यावी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. पुढे बेळगावात त्यांनी सायकली विकल्या, लोखंडी नांगर बनवले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्या कारखान्याचे बातमीपत्र म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. शं. वा. किर्लोस्करांच्या हाती त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, ज्यावर मराठी वाचकांच्या काही पिढ्या वाढल्या. नांगराच्या फाळाची आणि कडबा कापण्याच्या यंत्राची जाहिरात करणाऱ्या कागदावर मराठी कथा वाढली. नियतकालिकांचा इतिहास शिकवताना आम्ही हे एका ओळीत उरकतो आणि ‘सत्यकथे’कडे वळतो. वळायला हरकत नाही. पण कारखाना मागे राहिला हे निदान लक्षात यावे.

तो मुलगा पदवी घेऊन गेला. त्याचा जुना कागद आम्ही विभागाच्या कपाटात शोधला, तो केव्हाच रद्दीत गेला होता. नऊचे चौदा आता करता येणार नाहीत. खरे तर चौदाचे नऊ करायला हवे होते. यंदा त्याच मूल्यमापनासाठी आम्ही विषय बदलला : घरातले किंवा शेजारचे एक काम, ते करणाऱ्याच्याच शब्दांत. विभागात थोडी कुरकुर झाली, कारण तपासणाऱ्याला उत्तर आधी माहीत नसणे हे गैरसोयीचे असते. कागद आले आहेत. एकात कोळंबी सोलणे आहे, एकात काज-बटण करणे आहे, एका मुलीने वडिलांचे गवंडीकाम लिहिले आहे. तिच्या पहिल्याच परिच्छेदात ओळंबा आणि गुण्या असे दोन शब्द आहेत. ओळंबा आम्हाला येत होता. गुण्या म्हणजे काय, हे सोमवारी तिला विचारायचे आहे.