तुळशीचे पान आणि तुळशीचे तेल

अंगणातल्या तुळशीचे एक पान तोडा, बोटांत चुरडा आणि वास घ्या. पानावर तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्या फुटल्या की आतले तेल हवेत उडू लागते. हा वास मनाला बरा वाटतो, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती 'नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे' या समजुतीतल्या 'म्हणून' या शब्दाबद्दल.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या एका बाई अशा तेलाची बाटली घेऊन आल्या. आठ महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली होती आणि त्याच्या नाकात दोन थेंब घालायचे त्यांच्या मनात होते. "सर, तुळशीचेच आहे. आपण काढा नाही का देत?" प्रश्न रास्त होता. मी कागद-पेन्सिल घेतली.

शंभर किलो ताज्या पाल्यातून साधारणपणे अर्धा किलोसुद्धा तेल निघत नाही. आपण ३०० ग्रॅम धरू. एका थेंबाचे वजन सुमारे ४५ मिलिग्रॅम. त्रैराशिक मांडा : एका थेंबात १५ ग्रॅम पाल्याचे तेल येते. काढ्यात आपण चार-पाच पाने टाकतो, आणि उकळताना त्यांतलेही बरेचसे तेल उडून जाते. घरभर वास सुटतो तो त्याचाच.

हे तेल काढतात कसे, हे सांगण्याचा मोह भौतिकीच्या शिक्षकाला आवरत नाही. तुळशीच्या तेलातला युजेनॉल हा पदार्थ (लवंगेच्या तेलातही तोच मुख्य असतो) सुमारे २५४ अंश सेल्सिअसला उकळतो. मग तो पाण्याच्या वाफेबरोबर बाहेर कसा पडतो? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा बाष्पदाब स्वतंत्र राहतो. दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळते, तेही १०० अंशांच्या किंचित खालीच! वाफ थंड केली की पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. पानातला चोथा, पाणी, हिरवा रंग सारे मागे राहते आणि उडणारे तेवढे एकवटते. 'पान' आणि 'तेल' हे एकाच वस्तूचे दोन प्रकार समजू नका.

बाटलीवर 'बेसिल' असे लिहिलेले असेल तर ते तेल बहुधा वृंदावनातल्या तुळशीचे नसते. ते तिच्या बहिणीचे, म्हणजे जिचे बी फालुद्यात घालतात त्या सब्जाचे असते. सब्जाच्याही जाती अनेक. काहींच्या तेलात लिनालूल अधिक, तर काहींच्या तेलात एस्ट्रॅगोल. मोठ्या मात्रेत एस्ट्रॅगोल दिलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी झालेल्या आढळल्या आहेत. एखाद्या वेळी वास घेतल्याने माणसाला तसे होईल असा याचा अर्थ नाही. पण बाटलीत काय आहे हे गिऱ्हाइकाला कळायला नको का? वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि मुख्य घटकांचे प्रमाण वेष्टनावर छापलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

'अरोमाथेरपी' हा शब्द रने-मॉरिस गॅटफोसे या फ्रेंच रसायनज्ञाने रूढ केला. त्याचे त्या नावाचे पुस्तक १९३७ साली निघाले. सुगंधाने मन निवते, हे मान्य. काचेच्या बशीत हे तेल जंतूंची वाढ रोखते, हेही खरे. पण बशी म्हणजे शरीर नव्हे. सुगंधाने रोग बरा होतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

वापरायचेच असेल, तर एक चमचा खोबरेल तेलात एक थेंब पुरे. नुसते तेल कातडीला लावल्यास आग होते, पुरळ उठते. दमा असलेल्याच्या खोलीत ते उडवू नये. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये. तान्ह्या मुलाच्या नाकात तर मुळीच घालू नये, कारण ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकते. कोणी चुकून प्यायले, तर ओकारी काढायला लावू नका. बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

बाळाला डॉक्टरांनी नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. ती बाटली आता माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. शिक्षक मित्रांनो, तुमच्या शाळेत चंबू आणि शीतक असेल तर मूठभर तुळस घालून ऊर्ध्वपातन करून पाहा. शेवटी नळीत तेल शोधताना मुलांना भिंग लागेल.