विहीर कोणाची, नोंद कोणाची?

जमिनीच्या पोटातील तेलाचा मालक कोण, या प्रश्नाला जगात बहुतेक ठिकाणी 'सरकार' असे एका शब्दात उत्तर देता येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते तसे देता येत नाही. तेथे भूमीवरील हक्क आणि भूमीखालील खनिजाचा हक्क या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. शेत एकाचे आणि त्याखालचे तेल दुसऱ्याचे, हा तेथे रोजचा व्यवहार आहे. खनिजहक्क विकता येतो, भाडेपट्ट्याने देता येतो, मृत्युपत्राने नातवंडांत वाटताही येतो. त्यामुळे टेक्सासच्या एखाद्या परगण्यातील विहिरीचे मालक चार राज्यांत विखुरलेले असतात आणि त्यांतील अनेकांनी ती विहीर डोळ्यांनी पाहिलेलीही नसते. कंपनीकडून दरमहा येणारा स्वामित्वधनाचा धनादेश आणि त्याला जोडलेली हिशेबाची चिठ्ठी, एवढाच काय तो त्यांचा त्या भूमीशी संबंध.

या चिठ्ठीवर काय छापलेले असले पाहिजे, हे टेक्सासच्या कायद्याने ठरवून दिलेले आहे. पट्ट्याचे नाव, विक्रीचा महिना, किती पिंपे, कोणत्या भावाने, किती कर, किती वजावट आणि मालकाचा दशांश हिस्सा, हे सारे त्यावर लागते. परंतु हे आकडे लिहिणारी आणि पैसे देणारी कंपनी एकच. ज्याने देणे द्यायचे त्यानेच मोजमाप करायचे, अशी ही व्यवस्था. मालकाने तिच्यावर विश्वास का ठेवावा?

ठेवू नये, असे टेक्सासचे उत्तर आहे. पडताळणीसाठी तेथे 'रेलरोड कमिशन' नावाची संस्था आहे. १८९१ मध्ये आगगाड्यांच्या दरांवर अंकुश ठेवण्यासाठी स्थापन झालेल्या या आयोगाकडे १९१७ मध्ये तेलवाहिन्यांचा आणि १९१९ मध्ये तेल व वायूच्या उत्पादनाचा कारभार आला. २००५ मध्ये आगगाड्यांचे उरलेसुरले कामही काढून घेतले गेले. नाव मात्र तेच राहिले. सरकारी पाट्यांचे आयुष्य कामापेक्षा मोठे असते, हा अनुभव दिल्लीकरांना नवा नाही. राज्यभरातून थेट निवडून आलेले तीन आयुक्त हा आयोग चालवतात. प्रत्येक कंपनीने दरमहा उत्पादनाचे विवरणपत्र आयोगाकडे भरायचे आणि आयोगाने ते लोकांपुढे ठेवायचे, अशी पद्धत आहे. जानेवारी १९९३ पासूनच्या नोंदी संगणकावर विनाशुल्क पाहता येतात. जिल्हा आणि पट्ट्याचा क्रमांक टाकला की महिन्यामागून महिन्याचा तक्ता उघडतो: तेल किती निघाले, किती हलवले गेले, सोबतचा वायू किती. प्रत्येक विहिरीला स्वतःचा क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे (टेक्साससाठी ४२) आणि पुढचे तीन परगण्याचे.

यानंतरचे काम शाळकरी गणिताचे आहे. समजा, ६४० एकरांच्या एकत्रित क्षेत्रात एखाद्याच्या वाट्याला १० एकरांचा खनिजहक्क आहे आणि करार एक-पंचमांश स्वामित्वधनाचा आहे. त्याचा हिस्सा ०.००३१२५ इतका येतो. महिन्यात ६,००० पिंपे निघाली आणि भाव ७० डॉलर असला, तर एकूण विक्री ४,२०,००० डॉलरची आणि मालकाचे १,३१२ डॉलर ५० सेंट. त्यातून तेलावरील ४.६ टक्के राज्य कर वजा जाता १,२५२ डॉलरच्या आसपास रक्कम हाती पडली पाहिजे. धनादेश ९०० डॉलरचा आला, तर मालकाला पत्र लिहून जाब विचारता येतो. ते पत्र हवेतले नसते, कारण आकडा त्याने सरकारी दप्तरातून काढलेला असतो.

ही पारदर्शकता टेक्सासच्या सद्‌गुणातून उपजली, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. १९३० च्या ऑक्टोबरात पूर्व टेक्सासचे प्रचंड तेलक्षेत्र सापडले. जमिनीखालचे तेल हद्दी मानत नाही आणि त्या काळच्या न्यायतत्त्वानुसार जो आधी उपसेल त्याचे ते. परिणामी प्रत्येक जण शेजाऱ्याच्या आधी उपसू लागला. आधीच मंदीत सापडलेला बाजार कोसळला आणि पिंपाचा भाव डॉलरवरून काही सेंटांवर आला. १९३१ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांनी तेलक्षेत्रात लष्करी कायदा पुकारून सैनिक पाठवले आणि विहिरी बंद पाडल्या. हे स्टर्लिंग स्वतः एका मोठ्या तेलकंपनीचे संस्थापक होते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे आयोगाने प्रत्येक विहिरीला उत्पादनाची मर्यादा घालून दिली. मर्यादेबाहेर चोरून काढलेल्या तेलाला 'गरम तेल' म्हणत आणि त्याची राज्याबाहेर वाहतूक रोखण्यासाठी वॉशिंग्टनला १९३५ मध्ये कायदा करावा लागला. मासिक उत्पादनाची काटेकोर नोंद या पोलिसी गरजेतून रुजली. भाव टिकवण्यासाठी चोर पकडायचे होते, आणि चोर पकडायचे तर प्रत्येकाचे माप कोणीतरी लिहून ठेवणे भाग होते. नातवंडांना वारशाने मिळालेला दहा एकरांचा हिस्सा तपासता यावा, हा त्या नोंदीचा उद्देश नव्हता. तो तिचा पुढे लाभलेला उपयोग.

म्हणूनच त्या नोंदीच्या मर्यादाही आहेत आणि त्या बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. टेक्सासमध्ये वायूचे उत्पादन विहीरनिहाय नोंदवले जाते, तेलाचे मात्र पट्टानिहाय. एका पट्ट्यात दहा विहिरी असतील, तर आपल्या कोपऱ्यातील विहिरीने किती दिले हे मालकाला आयोगाच्या तक्त्यावरून कळत नाही. शिवाय विवरणपत्र भरते कंपनीच. निघालेले तेल आणि त्या महिन्यात विकलेले तेल यांत टाक्यांतील शिल्लकीचा फरक असतो. तो फरक न समजल्याने अनेक मालक विनाकारण संशयाने पछाडतात. आणि सर्वांत मोठे भांडण ज्यावरून होते, ती वजावट तर या नोंदीत दिसतच नाही. वायू शुद्ध करणे, दाबणे, वाहून नेणे यांचा खर्च मालकाच्या वाट्यातून कापावा की नाही, यावर टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे खटले चालले. १९९६ च्या एका निकालात तर 'कापू नये' असे करारात लिहिलेले असूनही न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. नॉर्थ डकोटात नव्या विहिरीची माहिती सहा महिने गुप्त ठेवण्याची मुभा कंपनीला मिळते. थोडक्यात, किती निघाले हे नागरिकाला कळते. त्याचे किती पैसे झाले, यासाठी त्याला वकीलच गाठावा लागतो.

तरीही 'किती निघाले' हे कळण्याचे मोल काय, हे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना विचारावे. त्यांच्या जमिनींचे तेल, लाकूड आणि चराऊ कुरणांचे उत्पन्न वॉशिंग्टनचे गृहखाते विश्वस्त या नात्याने सांभाळत असे. ब्लॅकफीट जमातीच्या एलुईज कोबेल यांनी १९९६ मध्ये सरकारवर दावा लावला. त्यांची मागणी साधी होती: आमच्या खात्यांचा हिशेब दाखवा. सरकारला तो दाखवता आला नाही. कागद हरवले होते, कुजले होते, काही नष्ट झाले होते. अखेर २००९ मध्ये ३.४ अब्ज डॉलरची तडजोड झाली आणि पुढच्या वर्षी काँग्रेसने तिला मान्यता दिली. ज्या देशात टेक्सासचा खासगी मालक तक्ता उघडून कंपनीला जाब विचारत होता, त्याच देशात सरकारच्या पालकत्वाखालील मालकाला आपल्या पैशाचा ठाव लागत नव्हता. कंपनीपेक्षा सरकार प्रामाणिक असते, या श्रद्धेला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

भारतात ही श्रद्धा कायद्याच्या रूपातच वावरते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाने राज्यातील सर्व खनिजांचा हक्क राज्य सरकारकडे राखून ठेवला आहे. समुद्रातील खनिजे राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदाने केंद्राची आहेत. तेलाचा पट्टा १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्याखाली दिला जातो. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलबारच्या जमीनमालकांच्या खटल्यात एक वेगळा सूर लावला खरा. भूगर्भातील खनिज आपोआप सरकारचे ठरते असे सांगणारा कोणताही सर्वसाधारण कायदा नाही आणि एखाद्या वैध प्रक्रियेने काढून घेतले नसेल तर ते जमीनमालकाचेच, असे त्या निकालाने म्हटले. पण तेलाच्या बाबतीत त्या निकालाने शेतकऱ्याच्या हाती काही पडलेले नाही.

गंमत अशी की मालकीवर एवढा हक्क सांगणाऱ्या राज्य सरकारांवरही टेक्सासच्या त्या धनादेशधारकासारखी पाळी आली. स्वयंपाकाचा गॅस आणि डिझेल स्वस्त ठेवण्याच्या केंद्राच्या धोरणामुळे ओएनजीसीला आपले तेल सवलतीत द्यावे लागे. स्वामित्वधन कोणत्या भावावर मोजायचे, सवलतीआधीच्या की नंतरच्या? कंपनीने नंतरचा भाव धरला. गुजरात सरकार न्यायालयात गेले, २०१३ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सवलतीआधीच्या भावाने पैसे देण्याचा अंतरिम आदेश काढला. गांधीनगरच्या सचिवालयाला जे कोर्टाची पायरी चढून मिळवावे लागले, ते मेहसाण्याच्या शेतकऱ्याने कसे मिळवावे? त्याला तर स्वामित्वधनात वाटाच नाही. विहिरीसाठी आणि रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला मिळाला की त्याचा विषय संपतो.

कोळसा किंवा लोहखनिजाच्या खाणीशेजारी राहणाऱ्यांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. गडचिरोली आणि चंद्रपूरमध्ये काम केलेल्या अधिकाऱ्यांना त्याच्या निधीचे राजकारण चांगले ठाऊक असेल. परंतु ज्या कायद्याखाली ही प्रतिष्ठाने उभी राहिली, त्या कायद्यातून खनिज तेल वगळलेले आहे. मे २०२० मध्ये आसामच्या बागजान येथे वायूच्या विहिरीचा स्फोटक उद्रेक झाला, पुढे आग लागली आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. खाणपट्ट्यातील गावांसाठी असलेले ते प्रतिष्ठान अशा तेलपट्ट्यातील गावांच्या वाट्याला येत नाही, आणि आपल्या कुंपणापलीकडून दरमहा काय निघते याचा तक्ताही त्यांच्यासमोर नसतो. पेट्रोलियम मंत्रालयाची मासिक आकडेवारी प्रसिद्ध होते, पण ती कंपनी आणि राज्य यांच्या पातळीवर. नोइडामध्ये २०१७ पासून भूगर्भीय माहितीचे राष्ट्रीय भांडार आहे. त्याचे गिऱ्हाईक मात्र गुंतवणूकदार.

यावर मंत्रालयातून येणारे उत्तर ठरलेले असते: व्यापारी गुप्तता. माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात तशी सोय आहेच. पण टेक्सासमध्ये शेकडो कंपन्या एकमेकींच्या शेजारी खोदकाम करतात आणि प्रत्येकीचे मासिक उत्पादन प्रतिस्पर्ध्याला दिसते. त्यामुळे तेथील उद्योग बुडालेला नाही. उलट गुप्ततेने वाद टळतात असेही आपल्याकडे दिसले नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात आपल्या क्षेत्रातील वायू शेजारच्या रिलायन्सच्या विहिरींत वाहून गेला, अशी तक्रार घेऊन ओएनजीसी २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. थर एकमेकांशी जोडलेले आहेत हे सांगण्यासाठी टेक्सासमधल्याच डॅलस शहरातील सल्लागार कंपनी आणावी लागली. तिचा अहवाल २०१५ मध्ये आला, २०१८ मध्ये लवादाने रिलायन्सच्या बाजूने निवाडा दिला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो रद्द ठरवला. पूर्व टेक्सासने १९३१ मध्ये सैनिक बोलावून हाताळलेला प्रश्न आपण सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत नेला आहे.

मासिक विवरणपत्र आपल्याकडेही भरले जाते. १९५९ च्या नियमांनी पट्टेदारावर ते बंधन घातले होते. म्हणजे आकडे नव्याने गोळा करायचे नाहीत, सरकारी दप्तरात आहेत तेच बाहेर ठेवायचे आहेत. पट्टानिहाय उत्पादन, त्यावर लावलेला भाव, वजावट आणि राज्याला दिलेले स्वामित्वधन, अशा चार रकान्यांचा तक्ता दरमहा प्रसिद्ध करण्यास माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम मोकळीक देते, किंबहुना अशी माहिती कोणी मागण्याआधीच द्यावी असे ते सांगते. २०२५ मध्ये तेलक्षेत्र कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा संसदेतील चर्चेचा भर गुंतवणूकदाराला स्थैर्य देण्यावर आणि राज्यांचे अधिकार शाबूत राहतात की नाही यावर होता. नोंदी खुल्या करण्याचा मुद्दा त्या गदारोळात पुढे आला नाही.

महाराष्ट्राची गोष्ट आणखी निराळी. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर 'बॉम्बे हाय' १९७४ मध्ये सापडले आणि १९७६ पासून तेथून तेल येऊ लागले. क्षेत्र समुद्रातले, म्हणून स्वामित्वधन केंद्राचे. मंत्रालयातल्या कोणत्याही पक्षाच्या सरकारला त्या तेलाचा हिशेब मागण्याचे कायदेशीर कारणच उरले नाही. २०१८ पासून महाराष्ट्रातील शेतकरी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या काढू शकतो. गटातील विहिरीची, झाडांची आणि पिकांची नोंद त्याला त्यात सापडते. ती विहीर अर्थातच पाण्याची.