झुरका आणि सोळाशे मीटर

सिगारेटच्या पाकिटावरचे भीतिदायक चित्र तुम्ही पाहिलेच असेल. शाळेतल्या भित्तिपत्रकांवरही तेच असते. माझे मत विचाराल, तर सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. कर्करोग व्हायचा तो साठीत, असे तो मनाशी म्हणतो आणि टपरीकडे वळतो. त्याला साठीची भीती घालण्यापेक्षा आजचा हिशेब दाखवावा. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. माझा आकड्यांवर विश्वास जास्त!

आपल्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असते. ते जवळजवळ २० मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. जोरात धावताना तरुणाचे हृदय मिनिटाला साधारण २० लिटर रक्त ढकलते. म्हणजे मिनिटाला ४ लिटर प्राणवायू शरीरभर निघतो आणि त्यातला मोठा वाटा मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू घेतात.

आता विडी किंवा सिगारेट पेटवा. (पेटवू नका, कल्पना करा.) तंबाखू अर्धवट जळते, म्हणून धुरात कार्बन मोनॉक्साईड येतो. हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरते. रोज ओढणाऱ्याच्या रक्तातले ५ टक्के हिमोग्लोबिन असे अडकून पडलेले असणे ही नेहमीची गोष्ट आहे. ४ लिटरांतले २०० मिलिलिटर गेले. एवढ्याने काय बिघडते, असे तुम्हांला वाटेल. पण उरलेले हिमोग्लोबिनही मग आपला प्राणवायू सहजासहजी सोडत नाही. मालगाडी स्टेशनात आली, पण डब्यांची दारे नीट उघडत नाहीत, असा प्रकार होतो. शिवाय स्नायूंमध्ये प्राणवायू धरणारे मायोग्लोबिन असते, त्यालाही हा वायू चिकटतो. खुर्चीत बसलेल्याला यातले काहीच जाणवत नाही, कारण त्याची गरजच थोडी. तूट कळते ती धावताना.

२००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. त्यात तरुणांच्या मांडीचा स्नायू विजेचे सौम्य धक्के देऊन पुन्हा पुन्हा आकुंचन पावायला लावला. विजेने स्नायू हलवल्यावर आळस, जिद्द यांचा प्रश्नच उरत नाही. धूम्रपान करणाऱ्यांचा जास्तीत जास्त जोर इतरांपेक्षा कमी नव्हता, पण त्यांचा स्नायू लवकर थकला.

फसगत होते ती इथेच. आपल्याकडे पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना गोळाफेक, १०० मीटर आणि १६०० मीटर धावणे असते. गोळा लांब गेला की मुलगा म्हणतो, "मला कुठे काय झालंय?" पण चारशे मीटरच्या मैदानावर तिसऱ्या फेरीला पाय जड होऊ लागतात, तेव्हा त्याचे खापर तो बुटांवर किंवा उन्हावर फोडतो.

"अमका ओढतो, तरी पहिला येतो," हा युक्तिवाद मी वर्गात दरवर्षी ऐकतो. तो पहिला येतो हे खरे असेल. पण न ओढता तो किती सेकंद आधी आला असता? तुलना त्याची त्याच्याशीच व्हायला हवी. क्रीडाशिक्षकांनी भिंतीवर आणखी एक चित्र चिकटवण्याऐवजी मुलांच्या हाती घड्याळ द्यावे आणि वेळा वहीत मांडायला लावाव्यात.

कारण हा हिशेब उलटही फिरतो. स्वच्छ हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साईड चार-पाच तासांत निम्मा होतो, एका दिवसात बहुतेक निघून जातो. २०२१ सालच्या एका अभ्यासात तर धूम्रपान १४ दिवस बंद ठेवल्यावर तरुणांच्या स्नायूंची थकवा सोसण्याची शक्ती वाढलेली दिसली. भरतीची तारीख जाहीर झाल्यावरसुद्धा १४ दिवस हाती असतात.