लंगडणे थांबले, पण जखम भरली का?

तुळशीचे लग्न लागले की सोलापुरात वराती सुरू होतात. नवी पेठेसारख्या गजबजलेल्या भागातून पुढे बँड, बाजूला दिवे आणि मागे नवरदेवाचा घोडा, हे दृश्य आपल्या सरावाचे आहे. घोडेवाल्याची वर्षाची बरीचशी कमाई याच काही महिन्यांत होते. अशा वेळी घोड्याचा पाय दुखावला, तीन-चार आठवड्यांच्या विश्रांतीनंतर तो नीट चालू लागला आणि पुढचे मुहूर्त तोंडावर आले, तर काय करावे? ‘आता लंगडत नाही’ म्हणून घोडा कामाला जुंपण्याचा मोह साहजिक आहे. पशुवैद्यकशास्त्र मात्र इथेच थांबायला सांगते.

त्याचे कारण घोड्याच्या पायाच्या रचनेत आहे. गुडघ्याच्या खाली घोड्याला मांसल स्नायू जवळजवळ नसतात. वरच्या स्नायूंची ओढ खुरापर्यंत पोचते ती कंडरांतून, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या लांब धाग्यांतून. शरीराचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यामुळे पुढच्या पायाच्या मागच्या बाजूची कंडरा दुखावण्याची शक्यता अधिक असते.

कंडरेला रक्तपुरवठा कमी असल्याने ती सावकाश भरते. सूज आणि वेदना काही आठवड्यांत ओसरतात, पण जखमेत तोवर फक्त कच्च्या, अस्ताव्यस्त धाग्यांचा भराव झालेला असतो. हे धागे ओढीच्या दिशेने नीट लागून मजबूत व्हायला महिने लागतात. पूर्ण कामावर परतण्यासाठी साधारण ९ ते १२ महिने धरावे लागतात, इजा मोठी असेल तर त्याहून जास्त. त्यानंतरही मूळची लवचिकता पूर्णपणे येत नाही. म्हणून घाईने कामाला लावलेल्या घोड्याला पुन्हा इजा होते आणि ती बहुधा आधीपेक्षा मोठी असते.

अर्थात, प्रत्येक लंगडणे कंडरेचे नसते. खुरात गळू झाले असेल किंवा नालेचा खिळा चुकीच्या जागी बसला असेल, तर योग्य उपचारांनी घोडा काही दिवसांतही सुधारू शकतो. म्हणून आधी खूर तपासून घ्यावा. घोडा दुडक्या चालीने सरळ रेषेत चालवून पाहावा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. कंडरेची शंका असेल तर मात्र सोनोग्राफीला पर्याय नाही. जखम किती खोल आहे आणि किती भरली आहे, हे नुसत्या हाताला कळत नाही. सोलापूरकरांना त्यासाठी उदगीर किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येईल.

निदान झाल्यावर निर्णयाची वेळ येते. घोडा महिनोन्महिने नुसता बांधून ठेवला तर नवे धागे ओढीच्या दिशेने लागत नाहीत. मोकळा सोडला तर एका उडीत सारे पुन्हा तुटू शकते. या दोहोंमधला मार्ग म्हणजे मोजून दिलेला व्यायाम. सुरुवातीच्या विश्रांतीनंतर हातात दोर धरून सपाट जमिनीवर पाच-दहा मिनिटे चालवायचे आणि ही वेळ आठवड्यागणिक थोडी वाढवायची. दोन-तीन महिन्यांनी सोनोग्राफी करायची आणि ती समाधानकारक असेल तरच दुडकी चाल सुरू करायची. काम बंद असताना चंदी कमी करून कडबा-गवतावर भर द्यावा, नाहीतर पोटाचे आणि खुरांचे दुखणे मागे लागते. नालबंदाची फेरी चुकवू नये. दुखऱ्या पायाइतकेच दुसऱ्या पायाकडेही लक्ष हवे. अमेरिकेतील बार्बारो या शर्यतीच्या घोड्याचा मागचा उजवा पाय मे २००६ मध्ये मोडला. शस्त्रक्रियेनंतर तो पाय बराच सुधारला, पण डाव्या पायाच्या खुरात दाह झाला आणि अखेर जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले.

दोन गोष्टी टाळायलाच हव्यात. पहिली म्हणजे डागण्या. ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डागण्यांनी कंडरा लवकर किंवा चांगली भरल्याचे आढळले नाही. डागल्यावर घोड्याला जी सक्तीची विश्रांती मिळते, तिचेच श्रेय डागणीला दिले जाते. दुसरी गोष्ट म्हणजे वेदनाशामक देऊन काम करून घेणे. फिनाइलब्युटाझोनसारखे औषध वेदना दडपते, जखम भरत नाही. बेहिशेबी वापराने जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडालाही धोका पोचतो.

प्रश्न पैशाचाही आहे. घोडा उभा राहिला तरी त्याचा खर्च थांबत नाही. पण हिशेब एका हंगामाचा नको, दोन हंगामांचा करायला हवा. मार्गशीर्षात दुखावलेला घोडा वेळ दिला तर पुढच्या लग्नसराईत उभा राहू शकतो. पौषात घाई केली तर दोन्ही हंगाम जातात. शिवाय कामास अयोग्य असलेल्या जनावराकडून काम करून घेणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पशुवैद्यकाने पूर्वीचे काम झेपणार नाही असे सांगितले, तर हलके काम किंवा निवृत्ती हाच प्रामाणिक मार्ग उरतो.

यात वरपक्षाचाही वाटा आहे. घोडा ठरवताना तो कधी आजारी किंवा जखमी होता का, हे विचारावे. ऐनवेळी घोडेवाल्याने दुसरा घोडा आणला तर हुज्जत घालू नये. आणि डांबरी रस्त्यावर तासन्‌तास घोडा नाचवण्याचा हट्ट तर सोडूनच द्यावा.