रबराची तारीख आणि व्यापाऱ्याची नियत

गणपतीपुळ्याच्या उत्तरेला जयगड आणि दक्षिणेला मिरकरवाडा, राजिवडा. या किनाऱ्यावर आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची रोजीरोटी इंजिनावर चालते. कोणाची मच्छीमार बोट आहे, कोणाची रिक्षा वा जुनी जीप, कोणाचे गॅरेज, तर कोणाचे स्पेअर पार्ट्सचे दुकान. या सर्वांच्या व्यवहारात एक लहानशी वस्तू वारंवार येते. पण तिच्याकडे गांभीर्याने फारसे कोणी पाहत नाही. ती म्हणजे इंजिन ज्यावर टेकते ते रबर. गॅरेजमध्ये त्याला फाउंडेशन किंवा माउंटिंग म्हणतात. हे रबर विकताना आणि घेताना ते केव्हा बनले, हे पाहण्याची शिस्त आपण लावून घेतली पाहिजे.

ही शिस्त कशी असते हे पाहायचे तर जुन्या विमानांकडे पाहावे. भारतीय हवाई दलाने २०१८ मध्ये ‘परशुराम’ नावाचे डकोटा विमान आपल्या ताफ्यात घेतले. १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला सैन्य उतरविणाऱ्या डकोटा विमानांची आठवण म्हणून ते इंग्लंडमध्ये दुरुस्त करून भारतात उडवत आणले गेले. १९३५ च्या आराखड्याचे हे विमान दुसऱ्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने बनले. त्यामुळे त्याचे लोखंडी व अ‍ॅल्युमिनियमचे सुटे भाग आजही जगात कोठे ना कोठे मिळतात. बोल्ट १९४४ सालचा असला, तरी गंज नसेल आणि तपासणीत उतरला तर तो चालू शकतो. रबराचे तसे नाही.

रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन, उष्णता, तेल हे त्याचे शत्रू. कपाटात बंद पाकिटात पडून राहिलेले रबरही हळूहळू कडक होते व त्याला बारीक भेगा पडतात. म्हणून विमानाच्या धंद्यात रबरी मालाच्या पाकिटावर तो कोणत्या वर्षी आणि वर्षाच्या कोणत्या तिमाहीत बनला हे लिहिण्याची पद्धत आहे. मूळ कंपनीचे, न उघडलेले पाकीट आहे एवढ्यावर तेथे सौदा होत नाही. तारीख, रबराची जात आणि मंजुरीचा कागद पाहिला जातो. मूळ कारखाना बंद पडला असेल तर नवा भाग बनविण्यासाठी विमान वाहतूक खात्याच्या नियमांतून जावे लागते. कोणत्याही कारखान्यातून ओतून आणलेले रबर विमानाला लावता येत नाही.

आपल्या किनाऱ्यावर मात्र हे कोणी विचारत नाही. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातून माल येतो, पाकीट चकचकीत असते, भाव परवडतो, सौदा होतो. परिणाम पुढे दिसतात. रबर कडक झाले की इंजिनाची थरथर सरळ सांगाड्यात जाते. नट सैल होतात, पाइप तुटतात. रबर दबले की इंजिन खाली बसते. ज्या बोटीत इंजिन रबरावर बसवलेले असते तेथे पंख्याच्या शाफ्टची सरळ रेषा बिघडते, ग्लँड झिजते आणि पाणी आत येऊ लागते. दोष मात्र मेकॅनिकच्या माथी येतो. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढकलता येते; खोल समुद्रात ती सोय नाही.

काही दुकानदार म्हणतील, जुन्या इंजिनांचे मूळ सुटे भाग आता मिळतच नाहीत, मग करायचे काय? प्रश्न रास्त आहे. रबर नमुन्यावरून बनवून घेता येते. परंतु त्यातही एक चूक सर्रास होते. नमुना म्हणून दिलेले रबर अनेक वर्षे वजनाखाली दबलेले असते. त्याच्याच उंचीचे नवे बनवले तर ते पहिल्या दिवसापासून बसकेच राहते. म्हणून मूळ माप कंपनीच्या पुस्तकातून घ्यावे. कडकपणा शोर मापात सांगावा. नैसर्गिक रबर थरथर चांगली सोसते, पण तेलाने फुगते. जेथे तेल गळते तेथे नायट्राइल किंवा निओप्रीन बरे. रबर आणि लोखंडी पत्रा यांचा सांधा पक्का आहे की नाही तेही पाहावे, कारण अनेकदा तोच आधी सुटतो. आणि एका इंजिनाची सर्व माउंटिंग एकाच वेळी बदलावीत. एक नवे व तीन जुनी ठेवल्यास भार समान पडत नाही.

हे काम आपल्या तरुणांना करता येण्यासारखे आहे. दोडामार्ग, सावंतवाडीकडे रबराच्या बागा उभ्या आहेत, रत्नागिरीत एमआयडीसी आहे, आणि ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये ‘इर्मरा’ या नावाने ओळखली जाणारी रबर संशोधन संस्था आहे, जेथे मालाची चाचणी करून घेता येते. आखातात आणि जहाजांवर इंजिनांची कामे केलेले अनुभवी लोक आपल्या गावोगावी आहेत. भांडवल, अनुभव आणि गिऱ्हाईक तिन्ही असताना हा माल आपण बाहेरूनच का आणावा?

मात्र यंत्राआधी नियत हवी. हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले निघाले आणि त्यांनी विक्रेत्याला ओला भाग वर का ठेवला नाही असे विचारले, हा प्रसंग आपण खुत्ब्यात नेहमी ऐकतो. दहा वर्षे पडून राहिलेले रबर नवे म्हणून विकणे हे त्या ओल्या धान्यापेक्षा वेगळे नाही. विमानाच्या बाबतीत कायदा तारीख विचारतो. येथे कायदा विचारत नसेल, तर ईमानाने विचारले पाहिजे.

सुरुवात सोपी आहे. दुकानदाराने प्रत्येक रबरी मालावर तो बनल्याचा महिना व वर्ष लिहावे, तारीख ठाऊक नसेल तर तसे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे, पक्के बिल द्यावे आणि माल ऊन व वेल्डिंगपासून दूर ठेवावा. बोटमालकांनी पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात सोसायटीमार्फत एकत्र मागणी नोंदवावी. म्हणजे ताजा माल वाजवी भावात येईल. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण माणसे समुद्रातून सुखरूप घरी आली पाहिजेत.