महाडमध्ये पाट्या लावायच्याच असतील तर...

परवा बाजारपेठेत चहाच्या टपरीवर चार-पाच मंडळींशी विषय निघाला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला मार्च २०२७ मध्ये शंभर वर्षं होतायत. त्यानिमित्त गावातल्या जुन्या जागांवर पुण्यासारख्या निळ्या पाट्या लावाव्यात, असं ठरतंय. कल्पना उत्तम. एकाने खिशातून यादीही काढली. दोन जुने वाडे, एक देऊळ, दोन माजी पुढाऱ्यांची घरं, आणि अर्थात चवदार तळं.

मी म्हटलं, तळ्यावर पाटी कशाला? तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे, २० मार्चला लाखभर माणूस येतो. तळं कुठे आहे हे सगळ्या देशाला माहीत आहे. माहीत नाही ते त्या वेळचं आपलं गाव.

जरा क्रम बघा. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्यामागचे आपल्याच गावचे गृहस्थ. पण ठराव कागदावरच राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली, बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि जेवायला बसलेल्या, गावाकडे परतणाऱ्या लोकांना गल्लीबोळात गाठून मारहाण झाली. काहींना मुसलमान घरांनी आसरा दिला. त्यानंतर पंचगव्याचे १०८ घडे ओतून तळं 'शुद्ध' केलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या तारखेला, नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. तळ्याचा दावा हायकोर्टात निकाली निघाला तो १९३७ मध्ये.

आता सांगा, यातल्या किती जागांवर आज काही लिहिलंय? शाळेतल्या पोराला विचारलं तर तो तळं दाखवेल. पण ठराव कुठे झाला, कुठे फिरवला, मांडव कुणाच्या जमिनीवर पडला, दासगावच्या रा. बा. मोऱ्यांनी परिषदेसाठी किती खस्ता खाल्ल्या, हे त्याला कोण सांगणार?

टपरीवरचे एक काका म्हणाले, "पाटी गौरवाची असते रे. जुन्या जखमा कशाला उकरायच्या? गावात आता सगळं नीट आहे."

काका मला वडिलांच्या जागी. पण पटलं नाही. टिपणीसांचा ठराव लिहायचा आणि तो मागे घेतल्याचं गाळायचं, तर ती पाटी खोटी. आणि लपवायचंय कुणापासून? ज्यांच्या आजोबांची डोकी फुटली त्यांच्या घरात हे पाठ आहे. विसरलोय आपण.

आपण म्हणजे मीसुद्धा. माझ्या पणजोबांचं दुकान याच पेठेत होतं. आजोबा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. त्या दिवशी दुकान उघडं होतं की बंद, दाराशी कुणी आलं तर दार उघडलं की कडी लावली, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. वीस वर्षं पत्रकारिता करतोय, गावभर प्रश्न विचारत फिरतो, आणि घरातला हा एक प्रश्न राहून गेला. आता विचारायला कुणी उरलं नाही. म्हणून म्हणतो, भिंतीवर लिहा.

लंडनमध्ये बाबासाहेब किंग हेन्रीज रोडवर ज्या घरात राहत होते तिथे पाटी आहे. तिकडच्या निळ्या पाट्यांचा एक नियम मला आवडतो: माणूस जाऊन वीस वर्षं झाल्याशिवाय नावाचा विचारच नाही. हा नियम आपण घेतला तर यादीतली निम्मी नावं आपोआप गळतील.

माझ्याकडून आणखी चार सूचना. एक, लेखी पुरावा नसेल तर पाटी नाही. दोन, 'थोर', 'महान' ही विशेषणं नकोत. कोण, कधी, काय केलं एवढंच. तीन, खाली 'सौजन्य' म्हणून नगरसेवकाचं नाव नको. चार, २०२१ च्या जुलैच्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं त्या खुणाही पेठेत करा. तोही इतिहासच आहे, आणि नवीन घर बांधणाऱ्याला तो उपयोगी पडेल.

पहिली पाटी मी सुचवतो: "अस्पृश्यांना चवदार तळे खुले करणारा १९२४ चा ठराव महाड नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी मागे घेतला." बस. यात शिवी नाही, घोषणा नाही. वाचणाऱ्याला काय वाटायचं ते वाटू दे.

महाडकरांनो, कुणाच्या माळ्यावर जुने कागद, पत्रं, फोटो असतील तर कळवा. पुरात बरंच गेलं, उरलंय ते तरी वाचवू. आणि माझं चुकत असेल तर जरूर भांडा, फक्त येताना कागद घेऊन या.