मोबाइल पारखावा तो बांधावर

बैल विकत घ्यावयाचा झाल्यास शेतकरी केवळ त्याच्या रंगावर भुलत नाही. तो दात पाहतो, खूर तपासतो, पाठीवर थाप मारून जनावर बुजते की काय याचा अंदाज घेतो, आणि शक्य झाल्यास औताला जुंपून शेताची एक फेरी मारून पाहतो. पंप घेण्यापूर्वी तो विहिरीची खोली मोजतो. बियाणे पेरण्यापूर्वी उगवण पाहतो. परंतु तोच शेतकरी मोबाइल घेण्यास जातो तेव्हा दुकानातील झगझगीत उजेडात विक्रेत्याने काढून दाखविलेले छायाचित्र पाहून दहा-पंधरा हजार रुपयांचा सौदा पाच मिनिटांत पुरा करतो. घरी आल्यावर त्या यंत्राचा मुख्य उपयोग बोलण्यासाठी व्हावयाचा असतो. पण त्यातून बोलणे कसे ऐकू येते हे तेवढे कोणी पाहिलेले नसते.

हा दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हे. जाहिरात कॅमेऱ्याची होते, किंमत कॅमेऱ्यावर ठरते आणि विक्रेताही कॅमेऱ्याचेच गुण सांगतो. तथापि पैसा शेतकऱ्याचा जातो, आणि पुष्कळदा तो हप्त्याने फेडावा लागतो. म्हणून इंटरनेटवरून बोलण्यासाठी मोबाइल निवडताना कोणती पारख करावी याचा विचार स्वतंत्रपणे होणे अगत्याचे आहे.

गरज कोणाची व कशासाठी

व्हॉट्सॲपवरून बोलण्याची सोय २०१५ साली सुरू झाली. पुढे ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा आल्यानंतर इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि ही सोय खेड्यापाड्यांत पोहोचली. देशातल्या देशात साधा फोन करण्यास आज बहुतेकांना वेगळा खर्च पडत नाही, हे खरे. परंतु काही कामे साध्या फोनने होत नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती गाळप हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. गावी आजी-आजोबांपाशी राहिलेल्या लेकरांचे तोंड त्या आईबापांना कोपीत बसून दिसते ते या मोबाइलमुळेच. रत्नागिरीकडील घरांतून आखाती देशांत गेलेल्या माणसांशी साध्या फोनने बोलणे महाग पडते. आजारी जनावर पशुवैद्यकाला दाखविणे, अथवा गटातील आठ-दहा शेतकऱ्यांनी एकाच वेळी बोलून माल कोणत्या बाजारात न्यावा हे ठरविणे, हीही कामे आता याच मार्गाने होतात. सारांश, ही चैन राहिलेली नाही. चुकीच्या निवडीने पैसा तर जातोच, शिवाय माणसामाणसांतील दुवा तुटतो.

बोलणे पाटाच्या पाण्यासारखे असते

इंटरनेटवरून आवाज कसा जातो हे समजले म्हणजे निवड निम्मी सोपी होते. मोबाइल बोलण्याचे बारीक तुकडे पाडतो. एक तुकडा सामान्यतः एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. हे तुकडे एकामागून एक रवाना होतात आणि पलीकडचा मोबाइल ते पुन्हा जुळवून ऐकवितो. काही तुकडे वाटेत हरवले तर शब्द गळतात. उशिरा पोहोचले तर दोन्ही माणसे एकदम बोलू लागतात व एकदमच थांबतात. एका बाजूने आवाज पोहोचण्यास सेकंदाच्या सुमारे सातव्या भागापर्यंत, म्हणजे १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तरी संभाषण सुरळीत चालते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे.

या कामाला इंटरनेट फार लागत नाही. केवळ आवाजासाठी मिनिटाला साधारण अर्धा मेगाबाइट पुरतो. चित्रासह बोलण्यास त्याच्या अनेक पट लागतो. पाटाचे पाणी थोडे असले तरी चालते, पण ते खंड न पडता यावे लागते. घटकाभर लोंढा व घटकाभर कोरडे, अशाने वाफा भिजत नाही. बोलण्याचेही तसेच आहे. वेगापेक्षा सातत्याला महत्त्व अधिक. म्हणून केवळ ५जी हे अक्षर पाहून अधिक पैसे मोजण्यात शहाणपण नाही. गावात ५जी स्थिर मिळत असेल तर ते अवश्य घ्यावे. परंतु खंड न पडणारे ४जी हे येता-जाता लपंडाव करणाऱ्या ५जीपेक्षा बोलण्यास केव्हाही चांगले.

पहिली पारख: लहरींचे पट्टे

मोबाइलच्या लहरी निरनिराळ्या पट्ट्यांतून येतात. त्यांनाच बँड म्हणतात. ७००, ८५० व ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात व भिंतीतूनही बऱ्या शिरतात. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींत भार पेलण्याची क्षमता अधिक असली तरी त्यांची मजल कमी असते. सह्याद्रीच्या घळीत, सातपुड्याच्या पाड्यावर अथवा टॉवरपासून लांबच्या शिवारात कमी मेगाहर्ट्झचे पट्टेच उपयोगी पडतात. मोबाइलच्या माहितीपत्रकात हे पट्टे अनुक्रमे बँड २८, बँड ५ आणि बँड ८ या नावांनी दिलेले असतात. आपल्या गावी ज्या कंपनीची सेवा चांगली आहे तिचे पट्टे त्या मोबाइलमध्ये आहेत की नाहीत, हे किंमत विचारण्यापूर्वी विचारावे. भारत संचार निगमाच्या स्वदेशी ४जी सेवेचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. त्या सेवेत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला जातो. ज्या मोबाइलमध्ये तो नाही, त्याच्या मालकाची स्थिती कालव्याला पाणी असून शेताला दार नसलेल्या शेतकऱ्यासारखी होते. नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या मोबाइलच्या बाबतीत ही चौकशी विशेष काळजीने करावी.

दुसरी पारख: प्रत्यक्ष शेतात

माहितीपत्रक वाचून झाले तरी खरी कसोटी शिवारातच लागते. जो नमुना घ्यावयाचा मनात आहे तो गावात कोणा ना कोणापाशी असतोच. तो घटकाभर मागून घ्यावा, त्यात आपले सिम घालावे, आणि घरात, विहिरीवर व सर्वांत लांबच्या बांधावर अशा तीन ठिकाणी प्रत्येकी दहा मिनिटे इंटरनेटवरून बोलून पाहावे. हे एकदा दुपारी व एकदा रात्री आठनंतर करावे, कारण रात्री सारा गाव मोबाइल पाहत असतो व टॉवरवर भार पडतो. एकाने एकपासून पन्नासपर्यंत अंक सावकाश म्हणावेत आणि पलीकडच्याने गळालेले अंक मोजावेत. नंतर जागा तीच ठेवून जुन्या मोबाइलवरून तेच करून पाहावे. चालू पंपाजवळ उभे राहूनही एकदा बोलावे. ज्या यंत्रात आजूबाजूचा गोंगाट वगळण्यासाठी दोन मायक्रोफोन असतात त्याचा फरक तेथेच कळतो.

या साध्या प्रयोगाने एक मोठी गोष्ट उघड होते. दोन्ही मोबाइलवर एकाच जागी सारखेच अंक गळत असतील तर दोष बहुधा यंत्राचा नसून सेवेचा आहे. मोबाइल बदलून टॉवर जवळ येत नाही. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे सिम वापरून पाहणे, किंवा गावात तारेचे इंटरनेट आले असल्यास घरी वाय-फाय घेणे हा अधिक योग्य व पुष्कळदा अधिक स्वस्त उपाय होय. हजारो रुपयांचा खर्च अशा एका दिवसाच्या चाचणीने वाचू शकतो.

तिसरी पारख: यंत्राचे आयुष्य

यंत्र चांगले असूनही त्यातील प्रणाली जुनी झाली तर बोलणे बंद पडते, हे ग्राहकाच्या सहसा ध्यानात येत नाही. २०१७ साली आलेला जिओफोन हा बटणांचा स्वस्त मोबाइल अनेक कुटुंबांनी घेतला. २०१८ साली त्यावर व्हॉट्सॲप आले, पुढे त्यावरून बोलताही येऊ लागले. परंतु त्या मोबाइलच्या कायओएस या प्रणालीवर व्हॉट्सॲप नव्याने घेणे जून २०२४ मध्ये बंद झाले आणि २०२५ मध्ये चालू असलेलेही थांबले. यंत्र मोडले नव्हते, बॅटरी चालत होती. तरी ज्या कामासाठी ते घेतले ते काम संपले. जुन्या अँड्रॉइड मोबाइलांचीही हीच गत होते. म्हणून खरेदीच्या वेळी 'या मोबाइलला सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळतील?' हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. दोन वर्षांत निकामी होणारा आठ हजारांचा मोबाइल हा पाच वर्षे चालणाऱ्या चौदा हजारांच्या मोबाइलपेक्षा महागच म्हटला पाहिजे.

स्मृती, म्हणजे रॅम, चार गिगाबाइटपेक्षा कमी नसावी. बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची असावी, कारण संकेत दुबळा असेल तेथे मोबाइल अधिक जोराने लहरी सोडतो व बॅटरी लवकर उतरते. धूळ व पाणी यांपासूनच्या संरक्षणाचा आयपी क्रमांक पाहावा. आयपी ६७ असलेले यंत्र धुळीला दाद देत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. मात्र केवळ या क्रमांकासाठी कर्ज वाढवू नये. साधे रबरी आवरण व थोडी सावधगिरी पुष्कळांना पुरेशी होते.

एक तक्रार वारंवार ऐकू येते: 'मोबाइल चालू होता, पण घंटाच वाजली नाही.' पुष्कळदा याचे कारण बॅटरी वाचविणारी व्यवस्था हे असते. ती पडद्यामागील ॲप निजवून टाकते व आलेली हाक आत पोहोचत नाही. बोलण्याच्या ॲपला या व्यवस्थेतून सूट द्यावी. ही सूट कोठे द्यावयाची हे विक्रेत्याकडूनच दाखवून घ्यावे आणि पडदा बंद करून अर्ध्या तासाने कोणाकडून तरी हाक मारवून खात्री करावी.

आखातातील आप्तांशी बोलणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक चौकशी करावी. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलण्यास प्रतिबंध आहे; तेथील लोक बॉटिमसारखी परवानाप्राप्त ॲप वापरतात. पलीकडचा माणूस जे ॲप वापरतो ते आपल्या मोबाइलवर चालते की नाही हे आधी पाहावे.

साध्या फोनला पर्याय समजू नये

'इंटरनेट असल्यावर साधा फोन कशाला?' असा एक युक्तिवाद तरुण मंडळी करतात. तो धोक्याचा आहे. रात्री सर्पदंश झाला, विहिरीत कोणी पडले, गोठ्याला आग लागली, तर ११२ अथवा १०८ या क्रमांकांवर व्हॉट्सॲपवरून हाक जात नाही. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांकही साध्या फोननेच लावावा लागतो. सबब मोबाइल इंटरनेटसाठी घेतला तरी त्यात व्होल्टीई, म्हणजे ४जीवरील साधे बोलणे, आपल्या कंपनीच्या सिमवर नीट चालते याची खात्री करावी. यातही आवाजाचे तुकडेच जातात. परंतु सेवा देणारी कंपनी त्यांना अग्रक्रमाने वाट देते, म्हणून गर्दीच्या वेळी ते बोलणे अधिक टिकते. घरी वाय-फाय असल्यास त्यावरून साधा फोन लावण्याची सोयही आपल्या देशात डिसेंबर २०१९ पासून मिळू लागली आहे. जाड भिंतींच्या वाड्यात ती फार उपयोगी पडते.

दुसऱ्याचा वापरलेला मोबाइल घेण्यात कमीपणा नाही. मात्र तो चोरीचा नसावा. *#०६# हा संकेत दाबल्यावर दिसणारा पंधरा अंकी क्रमांक शासनाच्या 'संचार साथी' सेवेवर पडताळून मगच पैसे द्यावेत. तसेच, नवा मोबाइल आला म्हणजे नव्या ठगांची हाकही येते. पोलीस असल्याचे भासवून चित्रफोनवर 'डिजिटल अटक' करणाऱ्याला पैसे देऊ नयेत. अशी अटक कायद्यात नाही. फसगत झाल्यास विनाविलंब १९३० वर कळवावे.

कर्तव्य कोणाचे

एवढी पारख सामान्य शेतकऱ्याला झेपणार नाही, असे काही जण म्हणतील. परंतु ज्याला मातीच्या रंगावरून ओल ओळखता येते, पंपाच्या आवाजावरून बिघाड कळतो, त्याला अंक गळतात की नाही हे ऐकता येणार नाही, असे मानणे हा त्याच्या बुद्धीचा अवमान होय. उणीव आहे ती सवयीची. गावातील शेतकरी गटाने अथवा तरुण मंडळाने एक दिवस शिवारात फिरून कोणत्या सिमचे बोलणे कोठे टिकते, याची नोंद करून ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली, तर गावातील प्रत्येक घराचा खर्च व मनस्ताप वाचेल. टॉवरची मागणी करतानाही अशी नोंद नुसत्या तक्रारीपेक्षा अधिक वजनदार ठरेल.

कॅमेरा चांगला असला तर आनंदच आहे. परंतु दूर उसाच्या फडातून आईने मारलेली हाक लेकराला अखंड ऐकू यावी, हे त्या यंत्राचे पहिले काम होय. ते काम दुकानाच्या काचेआड तपासता येत नाही. ते बांधावर उभे राहून, आपल्या कानांनीच तपासावे, आणि मगच कमरेची पिशवी सोडावी.